गाडी कुठल्या पासिंगची?

पुण्या-मुंबईकडे सहलीला गाडी ठरवताना लोक विचारतात, एसी आहे का, सीट पुशबॅक आहेत का. आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या खेड्यांत पहिला प्रश्न वेगळाच असतो. गाडी कुठल्या पासिंगची? केए 22 की एमएच 09? कोल्हापूर, पंढरपूरकडे जायचं तर कुठली बरी, खाली हुबळीकडे जायचं तर कुठली, हा हिशोब गावातल्या आजीलासुद्धा पाठ आहे.

याला कोणी हसू नये. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांवर दगड पडले. फेब्रुवारी 2025 मध्ये चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीवर हल्ला झाला, ड्रायव्हरच्या तोंडाला काळं फासलं. दोन्ही वेळेला उत्तर म्हणून पुण्यात कर्नाटकच्या बसला काळं फासलं गेलं. दर वेळी दोन्हीकडच्या बस बंद झाल्या आणि मधल्या मधे अडकलो आपण. त्यामुळे पासिंग विचारणं हा शहाणपणाच आहे.

माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. पासिंग विचारल्यावर आपला दुसरा प्रश्न थेट असतो, "अण्णा, किती घेणार?" मधले सगळे प्रश्न आपण गिळून टाकतो. गाडीला परमिट कुठलं? फिटनेस कधीपर्यंत आहे? ड्रायव्हर एक की दोन? तो झोपणार कधी? भजनी मंडळ असो, महिला मंडळ असो की गल्लीतलं युवक मंडळ, चाळीस माणसांचा जीव एका फोनवर ठरतो. इसार म्हणून हजार-दोन हजार दिले की झालं. आमच्या वर्गातली पोरं सामाजिक करारावर दहा मार्कांचं उत्तर झोपेत लिहितील, पण गाडीचा करार कुणी कागदावर बघितलेला नाही.

आधी परमिटचं बघू. नंबर प्लेटवरचं केए किंवा एमएच हे फक्त नोंदणी कुठली ते सांगतं. गाडी राज्याच्या बाहेर भाडं घेऊन जाऊ शकते का, हे परमिट सांगतं. ज्या गाडीकडे ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे ती कोगनोळी ओलांडून बिनधास्त जाते. 2021 पासून हे परमिट ऑनलाइन मिळतं आणि एकाच फीमध्ये सगळ्या राज्यांचा कर येतो. त्या गाडीत प्रवाशांची यादी, कुठून कुठे जाणार यासकट, असावी लागते. कागदावर किंवा मोबाइलमध्ये, कशीही चालते. ज्या गाडीकडे फक्त आपल्या राज्यापुरतं परमिट आहे, तिला त्या एका फेरीसाठी स्पेशल परमिट काढता येतं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 88, पोटकलम 8. पूर्ण गाडी भाड्याने घेतलेली पाहिजे आणि वाटेत दुसरी माणसं चढवायची नाहीत, एवढी अट. म्हणजे सोय कायद्यात आहे. पण "स्पेशल काढलाय काय?" हे विचारतो कोण? मग नाक्यावर गाडी अडली की ड्रायव्हर खाली उतरतो, अर्धा तास जातो, आणि शेवटी दंडासाठी टोपी फिरते गाडीतल्या बायकांच्यात.

व्हाइट बोर्डचं तर विचारूच नका. गावातल्या कुणाची तरी खासगी क्रूझर, "घरचीच गाडी हाय की" म्हणून भाड्याने. शाळेची पिवळी बस रविवारी वऱ्हाडाला. यल्लम्माच्या यात्रेला मालवाहू टेम्पोत ताडपत्री बांधून पन्नास माणसं. स्वस्त पडतं, कबूल आहे. पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा बघणार ती गाडी भाड्याने चालवायला परवानगी होती का ते. मालाच्या गाडीत बसलेल्या माणसासाठी तर भरपाई मिळवणं फार कठीण. घरचा कर्ता माणूस गेल्यावर कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या आणि तिथे ऐकायचं की तुम्ही त्या गाडीत बसायलाच नको होतं.

आता ड्रायव्हर. मला वाटतं खरी गोची इथे आहे. आपल्याकडची ठरलेली ट्रिप आठवा. रात्री दहाला नारळ फोडून निघायचं, पहाटे पंढरपूर, दर्शन झालं की तुळजापूर, संध्याकाळपर्यंत अक्कलकोट, आणि रात्रीच विजापूरवरून परत, कारण सकाळी कुणाला गुरं आहेत तर कुणाची कंपनीत शिफ्ट आहे. सातशे किलोमीटरच्या घरात जातं हे. आपण गाडीत झोपतो, देवळात ओवरीला टेकतो, धर्मशाळेत अंघोळ करतो. ड्रायव्हर मामा मात्र तेवढ्यात पार्किंग शोधतो, टायर बघतो, डिझेल भरतो. दुसऱ्या रात्री तो स्टिअरिंगवर असतो तेव्हा त्याला धड झोप मिळून छत्तीस तास झालेले असतात. आणि त्याला जाग राहावी म्हणून आपण काय करतो? शेजारी एक पोरगा बसवतो, गाणी मोठी लावतो, दर तासाला चहा पाजतो.

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामात सलग नऊ तासांची सुट्टी घालून दिली. आपल्या आजोबांच्या तरुणपणातली गोष्ट आहे ही. मालक हे पाळत नाही म्हणून आपण त्याला शिव्या देतो. पण ट्रिपचा कार्यक्रम मालक लिहीत नाही, आपण लिहितो. "एका दिवसात तीन देव" हे आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरतं. दोन ड्रायव्हर घ्या म्हटलं की दुसऱ्याचा भत्ता कशाला, म्हणून आपणच घासाघीस करतो. भाड्याच्या घासाघीशीत डिझेल कमी होत नाही, टोल कमी होत नाही. कमी होते ती त्या माणसाची झोप.

यावर मला ठाऊक असलेलं उत्तर असं: गरिबांनी मग जायचंच नाही काय? प्रश्न खरा आहे, आणि आपल्याकडे तो जास्त खरा आहे. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट झाला. पण तो राज्याच्या आत. सौंदत्तीला फुकट जाता येतं, जोतिबाला नाही. महाराष्ट्राने मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट केलं, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. म्हणजे शेतात रोजगाराला जाणाऱ्या आपल्या आईचा देव जर नदीपलीकडे असेल, तर तिला बाकी कुणापेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. मग बचत गटातून महिन्याला शंभर-शंभर साठवून वर्षातून एकदा गाडी निघते. तिचा हा एकच दिवस असतो बाहेर पडण्याचा. तो दिवस कमी करा असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

म्हणून एक देव कमी करा, असं म्हणतो. पंढरपुरात मुक्काम करा, अक्कलकोट पुढच्या वर्षी. मुक्कामाचा खर्च आणि दुसऱ्या ड्रायव्हरचा भत्ता यातलं एक तरी द्यावं लागणारच, ते आधीच वर्गणीत धरा. दुसरं, सरकारी गाडीची चौकशी करायची आपल्याला सवयच नाही. एसटी प्रासंगिक करारावर पूर्ण बस देते, आपलं वायव्य परिवहनही देतं. दर खासगीपेक्षा थोडा चढा वाटेल, पण परमिट आणि विम्याची कटकट महामंडळाची असते. खासगीच घेणार असाल तर गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाका, फिटनेस आणि विम्याची मुदत दोन मिनिटांत दिसते. परमिटचा फोटो मालकाकडून मागून घ्या. आणि काय ठरलं ते एका पानावर लिहा: किलोमीटर, डिझेल धरून की सोडून, टोल कुणाचा, ड्रायव्हर किती, तो कुठे आणि किती वाजता झोपणार. खाली दोन सह्या.

मालक म्हणेल, आजपर्यंत कुणी मागितलं नाही, तुम्हालाच कशाला पाहिजे? म्हणू दे की. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावेत म्हणून आपल्या लोकांनी किती मोर्चे काढले. हा कागद तर आपणच आपल्या भाषेत लिहायचा आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

दोन्ही राज्यांकडे मागण्यासारखंही आहे. सीमाभागातल्या बायकांना पलीकडच्या बसमध्ये सवलत का नाही, आणि तणाव झाला की पहिली बंद होते ती बसच का, हे दोन प्रश्न निवेदनात घालायला हरकत नाही. पण दिवाळीनंतरच्या ट्रिपा आताच ठरायला लागल्यात. तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर कार्यक्रम पडला असेल, तर त्यात ड्रायव्हरच्या झोपेची वेळ लिहिली आहे का, तेवढं आज बघा.