शोभा आणि गती

कॅलिफोर्नियातील ‘हॉट रॉड’ या जातीच्या मोटारींविषयी साहित्याच्या अध्यापकाने लेखणी उचलावी, हे काही वाचकांस विपरीत वाटेल. परंतु अभिरुचीचा प्रश्न जसा काव्यात उद्भवतो तसाच तो लोखंडातही उद्भवतो. किंबहुना लोखंडात तो अधिक स्वच्छ दिसतो. कविता चालली की नाही याविषयी टीकाकारांत मतभेद होऊ शकतो, मोटारीच्या बाबतीत ती सोय नाही.

‘अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टर’ या नावाचे पारितोषिक १९५० साली ओकलंड येथील प्रदर्शनात प्रथम दिले गेले. हे प्रदर्शन आता पोमोना येथे भरते. रोडस्टर म्हणजे उघड्या टपाची, दोन आसनांची गाडी. पहिल्या वर्षी नऊ फूट उंचीचा चषक बिल नीकॅम्प यांच्या १९२९ च्या फोर्डला मिळाला. तेव्हापासून आजवरच्या विजेत्या गाड्यांची चित्रे ओळीने मांडली, तर एकाच घराण्यातील माणसांस परस्परांची ओळख पटू नये असा प्रकार दिसतो. यावर एक पक्ष म्हणतो की, अभिरुची कालमानाने बदलते, आणि काळाशी भांडणे हा म्हातारपणाचा चाळा होय. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. अभिरुची बदलते हे खरे. परंतु ती आपोआप बदलत नाही. पुष्कळदा तिला कोणीतरी वळण लावीत असते, आणि पारितोषिक हे वळण लावण्याचे फार जबरदस्त साधन आहे.

या गाडीचे मूळ रूप कोठून आले ते पाहावे. म्युरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या पळवीत. वजन घटावे म्हणून त्यांनी मडगार्ड काढून टाकले. वेग वाढावा म्हणून इंजिनात फेरफार केले. १९३२ पासून फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन स्वस्तात हाती येऊ लागले, तेव्हा या उद्योगास भरती आली. जे सौंदर्य पुढे नावाजले गेले ते सौंदर्यासाठी कोणी निर्मिलेच नव्हते. अनावश्यक ते गळून पडल्यावर जे उरले, ते सुंदर होते. नीकॅम्प यांची गाडी चषक मिळाल्यावर मखरात बसली नाही. १९५२ साली ती एल मिराजच्या तळावर ताशी १४२ मैलांच्या वेगाने धावली.

पुढे काय झाले? १९५५ च्या संयुक्त विजेत्यांपैकी ब्लॅकी गेजियन यांनी गाडीच्या पोटाखालच्या भागासही क्रोमचा मुलामा चढविला. तो दिसावा म्हणून गाडीखाली आरसे मांडण्याची टूम त्यांच्याच नावावर सांगितली जाते. जॉर्ज बॅरिस यांच्या कारखान्यातील ‘आला कार्ट’ने १९५८ व १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे बाजी मारली. १९६८ ची विजेती ‘इनव्हेडर’ हिला तर पाँटिॲकची दोन इंजिने होती. १९८२ साली बॉइड कॉडिंग्टन यांच्या हातची १९३३ ची फोर्ड जिंकली आणि गुळगुळीतपणाचे युग आले. बिजागरी नको, सांधा नको, डोळा कोठे अडखळू नये!

या कारागिरांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांचे हस्तकौशल्य असामान्य आहे, हे त्यांचा शत्रूही नाकारणार नाही. आमचा आक्षेप परीक्षकाच्या दृष्टीवर आहे. उभ्या गाडीभोवती कंदील घेऊन फिरणारा परीक्षक डोळ्यांस दिसेल तेवढेच मोजतो, आणि जे मोजले जाते तेच पुढल्या वर्षी वाढते. दाराशी इंजिन सुरू करून गाडी चार वाव पुढेमागे हलविणे म्हणजे प्रवास नव्हे. काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चे’त हेच सांगितले की, अलंकार कितीही मोलाचा असो, अस्थानी घातला तर तो हास्यास्पद होतो. धुळीत जायचेच नाही अशा गाडीच्या पोटावरील क्रोम हा तसला अलंकार होय.

याचा दुसरा परिणाम अधिक शोचनीय आहे. आरंभी गाडीचा मालक, कारागीर आणि सारथी हे बहुधा एकच असत. आज बहुतेक वेळा मालक द्रव्य देतो, व्यावसायिक कारखाना वर्षानुवर्षे खपतो, आणि गाडी ट्रकात बसून प्रदर्शनास येते. गरीब पण कुशल तरुणाला त्या मंडपात प्रेक्षक म्हणूनच जागा उरते.

प्रतिपक्ष म्हणेल की, जुन्या वळणाकडे परत जा म्हणणे ही निव्वळ गतकाळाची भक्ती आहे. तसे नव्हे. २०१६ साली पारंपरिक वळणाची १९३२ ची फोर्ड जिंकली आणि लगेच २०१७ साली १९३६ च्या पॅकार्डवरून घडविलेली ‘मलहॉलंड स्पीडस्टर’ जिंकली. दोन्ही शैलींस आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जुनी असो वा नवी, शैलीचे मूळ गतीत असावे. १९९७ साली पेबल बीच येथील उच्चभ्रू मोटार-मेळाव्याने हॉट रॉड गाड्यांस प्रथमच स्वतंत्र वर्ग दिला, आणि त्यात पहिली आली ती डोन स्पेन्सर यांची १९३२ ची फोर्ड. मेक्सिकोतील लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी स्पेन्सर यांनी तिची बांधणी बदलली होती. तिच्या रूपातील बराचसा डौल त्या तयारीतून आला आहे. एवढ्या वर्षांनीही ती शिळी वाटत नाही, आणि तिच्याहून कितीतरी अधिक चकाकणाऱ्या गाड्या मात्र आपापल्या दशकाबरोबर जुन्या झाल्या. याचे कारण परीक्षकांनी शोधावे.

आमची सूचना साधी आहे. चषकासाठी येणाऱ्या प्रत्येक गाडीने दीडशे-दोनशे मैल रस्त्याने चालत यावे, आणि अंगावरच्या धुळीसह परीक्षकांपुढे उभे राहावे. मग कोणती सुंदर, हे ठरविण्यास कंदिलाची गरज पडणार नाही.