पियानो आणि योगक्षेम

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मुलीसाठीं पियानो घेण्याचें ठरविलें आणि त्याबाबत आमचा सल्ला विचारला. पियानोच्या विषयांत आमचा अधिकार तो काय? परंतु एक पियानो आमच्या हातून मेला आहे. तेवढ्या अनुभवावर चार शब्द लिहिण्यास हरकत नसावी.

आम्ही मुख्याध्यापक असतां एका सद्गृहस्थांनीं शाळेस उभा पियानो देणगी दिला. दर वर्षीं एक वृद्ध गोवेकर कारागीर येऊन त्याचे सूर लावून जाई. एके वर्षीं त्याच्या खर्चाचा कागद आमच्यापुढें आला. “वाद्य चांगलें वाजत आहे, मजुरी कशाची?” असा शेरा मारून आम्हीं तो परत पाठविला. पांच पावसाळे गेले. पट्ट्या फुगून अडकूं लागल्या, हातोड्यांवरील नमदा कसरीनें खाल्ला, तारा गंजल्या. तेव्हां त्याच कारागिरास बोलावणें धाडलें. त्यानें झांकण उघडून पाहिलें आणि हळूच म्हटलें, “मास्तर, खुंट्यांचें लाकूडच फाटलें आहे. आतां सूर लावला तरी राहणार कुठें?”

पियानोंत सुमारें २३० तारा असतात. खर्जाच्या सुरांस एकेक, वरच्या बहुतेक सुरांस तीन-तीन. सर्वांचा मिळून ताण १८ ते २० टनांपर्यंत जातो. फ्लॉरेन्स येथें १७०० सालच्या सुमारास क्रिस्तोफोरीनें हें वाद्य घडविलें तेव्हां त्याचा सांगाडा लाकडीच होता. अखंड ओतीव लोखंडी चौकटीचें पेटंट बोस्टनच्या बॅबकॉकनें १८२५ सालीं घेतलें. तथापि लोखंड ताण सोसलें तरी लाकूड ओल पितेंच. पावसाळ्यांत ध्वनिफलक फुगतो व सूर चढतात. कोरड्या दिवसांत ते उतरतात.

मग कारागीर काय करतो? दोन तारा किंचित् विलग झाल्या कीं त्यांच्या नादांतून लाटा उठतात. त्या तो कानानें मोजतो. तीन तारांचा एक सूर करतांना लाटा पूर्ण मिटवाव्या लागतात. पंचम जुळवितांना मात्र त्या मुद्दाम किंचित् शिल्लक ठेवाव्या लागतात. कारण, सप्तकाचे बारा सूर समान अंतरावर बसवावयाचे तर एकही पंचम अगदीं शुद्ध राहूं शकत नाहीं. तंबोऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानास याचें नवल वाटेल. अशा विद्येस आम्हीं ‘मजुरी’ म्हटलें! तो शब्द आम्हांस अद्यापि टोंचतो.

आपल्या शास्त्रकारांनीं योग आणि क्षेम असे दोन शब्द जोडून ठेविले आहेत. नसलेलें मिळविणें हा योग. मिळालेलें राखणें हा क्षेम. आपण योगाचा समारंभ करतों, पेढे वांटतों. क्षेमाच्या वेळीं हात आंखडतों. मुंबईस धोबीतलावावर फुर्टाडो यांची १८६५ सालीं स्थापन झालेली वाद्यांची पेढी आहे. गोवेकर वादकांची वस्ती ज्या भागांत वाढली तेथेंच असलें दुकान रुजावें, यांत आश्चर्य नाहीं. वाद्य विकत घेणारा आणि तें दुरुस्तीस आणणारा तेथें एकाच रस्त्यानें येतो.

म्हणून विद्यार्थ्यास आम्हीं एवढेंच लिहिलें: दुकानांत गेल्यावर किंमत मागाहून विचारावी, आधीं सूर लावण्यास कोण येतो तें विचारावें. जुना पियानो घेणें झाल्यास खुंट्यांचें लाकूड जाणत्याकडून तपासून घ्यावें. वाद्य खिडकीपासून व ओलसर भिंतीपासून दूर ठेवावें, वर फुलदाणी ठेवूं नये, आणि पावसाळा सरल्यावर दर वर्षीं सूर लावून घ्यावे. कारागीर घरीं येईल तेव्हां मुलीस जवळ बसवावें. त्या दोन तासांत तिचा कान जेवढा तयार होईल तेवढा आठ दिवसांच्या धड्यांनींही होणार नाहीं. आणि निघतांना त्यास चहा द्यावा व दक्षिणा द्यावी. मजुरी म्हणूं नये.