ओळख फक्त आपणच पटवून द्यायची का?

"ओटीपी कुणी दिला? तुम्हीच ना? मग बँक काय करणार?"

क्रेडिट कार्डावरून लुबाडल्या गेलेल्या माणसाला तक्रार करायला गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला जातो. चोर मोकळा, बँक नामानिराळी आणि लुटला गेलेला माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात! अन्याय सोसणाऱ्यालाच अन्यायाचे कारण ठरवायचे, ही या व्यवस्थेची जुनी खोड आहे. ती आता मोबाईलमध्ये शिरली आहे, एवढेच.

यावर उपाय म्हणून डिजिटल ओळख पडताळणीचा मंत्र जपला जातो. आधार द्या, पॅन द्या, कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवा. पडताळणीला आपला विरोध असण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुहेरी पडताळणी सक्तीची केली. त्यामुळे नुसता कार्ड नंबर चोरून देशातल्या वेबसाइटवर खरेदी करणे अवघड झाले. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याच्या वेबसाइटला आपल्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, टोकन वापरावे लागते. हे चांगलेच झाले.

पण चोराने वाट बदलली. कुलूप फुटत नाही म्हणून तो माणसालाच फोडतो. "बँकेतून बोलतोय, केवायसी संपली आहे, आजच कार्ड बंद होईल." आता सांगा, फोनवरचा माणूस खरोखर बँकेचा आहे, हे ग्राहकाने कसे पडताळायचे? ग्राहकाने बँकेला दहा वेळा ओळख पटवायची, बँकेने ग्राहकाला एकदाही नाही! खालच्याने वरच्याला ओळख दाखवायची, वरच्याला कुणी विचारायचे नाही. आडनाव विचारून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजात ही एकतर्फी चौकशी आपल्याला ओळखता येणार नसेल, तर कुणाला येणार?

शिवाय ओळख जितक्या ठिकाणी साठवाल, तितक्या ठिकाणांहून ती चोरीला जाऊ शकते. पासवर्ड बदलता येतो, बोटाचा ठसा बदलता येत नाही.

काही शहाणे म्हणतील, लोक निष्काळजी वागतात, त्याची भरपाई बँकेने का करावी? साधे उत्तर आहे. कार्ड कुठे, किती वाजता, किती रकमेला वापरले जाते, हे बँकेला दिसते. संशयास्पद व्यवहार रोखण्याची ताकद तिच्याकडे आहे. ज्याच्याकडे ताकद, त्याच्याकडे जबाबदारी. नुकसान बँकेच्या अंगावर आले, तर बँक कुलूप सुधारेल. ते ग्राहकाच्याच माथी मारता आले, तर ती फक्त "सावध राहा" असा मेसेज पाठवेल.

आणि ही काही आपली हवेतली मागणी नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातच ते तत्त्व आहे. दोष बँकेचा असेल तर ग्राहकावर शून्य भार. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही शून्य भार. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल, तरी बँकेला कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचे ओझे बँकेवर आहे! काउंटरवर हे कुणी सांगते का?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातली समता आणि आर्थिक जीवनातली विषमता यांच्यातल्या विसंगतीचा इशारा दिला होता. नियम सर्वांना सारखा, पण तो वापरता येतो वकील परवडणाऱ्यालाच, ही तीच विसंगती आहे.

म्हणून तरुणांनो, जयंतीच्या मिरवणुकीइतकेच हेही आपले काम आहे. प्रत्येक विहारात आणि वाचनालयात आठवड्यातून एक दिवस मदत केंद्र चालवा. फसवणूक झाली की ताबडतोब बँकेला कळवून कार्ड बंद करा, १९३० वर फोन करा, लेखी तक्रार देऊन पोच घ्या. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. आणि "ओटीपी कुणी दिला?" असे विचारणाऱ्याला शांतपणे विचारा, "साहेब, पुरावा कुणी द्यायचा?"

जय भीम! जय संविधान!