‘ताई, मी आहे ना!’

आमच्या सल्ला केंद्रात एक परिचारिका आली होती. नवऱ्यापासून वेगळी होऊन सहा वर्षं झालेली. जवळ प्रॉव्हिडंट फंडाचे आणि मोडलेल्या पाटल्यांचे पैसे. पुण्याच्या कडेला, जुन्या सोसायटीतला फ्लॅट एजंटने दाखवला. म्हणाला, “दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. टोकन देऊन टाका, बाकी मी आहे ना!” तिने दोन लाख रोख त्याच्या हातात ठेवले. पुढे कळलं, फ्लॅट बँकेकडे गहाण. मालक म्हणतो मला पैसे मिळालेच नाहीत, एजंट म्हणतो मी दिले. पावती? “राखीपौर्णिमेला घरी आला होता हो तो. पावती कशी मागायची?”

ही बाई वॉर्डात दिलेल्या प्रत्येक गोळीची वेळ लिहून ठेवते. तिला अडाणी म्हणून मोकळं होता येणार नाही. एकट्या बाईला घर शोधताना सोबत हवी असते, आणि एजंट नेमकी तीच देऊ करतो. व्यवहाराच्या जागी नातं येऊन बसतं आणि भावाला प्रश्न विचारायचे नसतात हे आपण लहानपणीच शिकलेल्या असतो. पण याच भावाची दलाली बहुधा दोन्हीकडून असते, आणि ती किमतीवर टक्क्याने. घर महाग पडलं तर त्याचं काय बिघडतं?

मैत्रिणींनो, त्याच्याकडे मूळ करार मागा. झेरॉक्सच पुढे येत असेल तर मूळ प्रत कुठे आहे ते विचारा. पुष्कळदा ती बँकेत असते. सूची क्रमांक दोनची नक्कल काढा. सोसायटीच्या कार्यालयात स्वतः जाऊन थकबाकी विचारा. विसार द्यायचा तो मालकाच्या नावाने, चेकने, लेखी पावतीवर. वकील एजंटने आणलेला नको.

२०१६ च्या रेरा कायद्याने नव्या, नोंदणीकृत प्रकल्पात घरं विकणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची केली. तिथे करार नोंदवण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जुन्या सोसायटीतला फ्लॅट एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा मात्र मधल्या एजंटला ही नोंदणी लागत नाही. थोड्या पैशाच्या बाया घर शोधतात ते तिथेच. या दलालांनाही नोंदणी सक्तीची व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्यांना सांगणारी मीही काही शहाणी नव्हे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, तरी आमचं घर घेताना एजंट कर्जाचं, कराराचं सगळं नवऱ्याशी बोलला आणि मला स्वयंपाकघराचा ओटा दाखवला. मी ओटा पाहिला! कराराच्या मसुद्यात एकट्या नवऱ्याचं नाव होतं. हप्ता निम्मा माझा. “वहिनींना उगाच सह्यांचा त्रास,” असं उत्तर मिळालं. नाव घालून घेतलं, पण सहीच्या आदल्या दिवशी, आणि तेही जणू उपकार मागावा तसं.

घर केवळ बाईच्या नावाने घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. वीस लाखांच्या घरावर हे वीस हजार होतात. हे आम्हांला कोणत्याच एजंटने सांगितलं नाही.

पोलिसांत अर्ज दिल्यावर त्या परिचारिकेला साठ हजार परत मिळाले. बाकीचे अजून अडकलेले आहेत. ती पुन्हा घरं बघते आहे, सोबत मी जाते. मागच्या आठवड्यात आम्ही दोघींनी मूळ कागद मागितले तेव्हा नवा एजंट घड्याळाकडे बघत म्हणाला, “ताई, साहेब कधी येतील? त्यांच्यासमोरच दाखवतो.”