व्हिस्कीच्या गोळीसोबत व्हिस्की: एक रुचिदोष

रात्रीच्या भोजनानंतर व्हिस्कीच्या पेल्यासोबत व्हिस्कीच्याच स्वादाचे चॉकलेट खावे, अशी शिफारस मोठ्या गांभीर्याने केली जाते. समर्थन एकच: दोहोंत व्हिस्की आहे, म्हणून दोहोंचे जुळते. आम्हांस हा युक्तिवादच मान्य नाही. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात 'पुनरुक्त' हा अर्थदोष सांगितला आहे. तो ताटात वाढला म्हणून गुण ठरत नाही.

आधी वस्तू पाहू. मद्य भरलेले चॉकलेट करण्याची जुनी रीत अशी: साखरेच्या दाट पाकात मद्य मिसळून तो स्टार्चमध्ये उठवलेल्या साच्यांत ओततात. कडेची साखर स्फटिकरूप होऊन पातळ कवच धरते, आत द्रव राहतो, मग वरून चॉकलेटचा लेप चढतो. यात कारागिरी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. (नुसत्या अर्काचे थेंब घातलेल्या गोळ्यांविषयी बोलण्यासारखे काही नाही.) पण कारागिरी कितीही असो, आत आहे तो पाकच. उलट स्कॉच व्हिस्की किमान 3 वर्षे ओकच्या पिंपात मुरते आणि किमान 40 टक्के मद्यार्काची असते. ओक तिला देतो ती गोडी अगदी हलकी, व्हॅनिलाच्या जवळची. पाकाने माखलेल्या जिभेला ती जाणवतच नाही. जाणवते ती जळजळ आणि लाकडाचा कडवटपणा. जिच्या सन्मानार्थ गोळी ठेवली, तिचाच अवमान!

यावर कोणी म्हणेल, बर्गंडीत गोमांस लाल वाइनमध्ये शिजवतात आणि सोबत तशीच वाइन पितात, त्याचे काय? तेथे वाइन तासन्‌तास आटते, मांसरसात आणि कांद्यात विरते, आणि निराळीच होऊन समोर येते. अभिनवगुप्ताला पानकरसाचा दृष्टान्त सुचला तो याचसाठी: अनेक द्रव्ये एकत्र येऊन प्रत्येकाहून वेगळी चव निष्पन्न होते. गोळीत काही निष्पन्न होत नाही. तेथे व्हिस्कीचे केवळ नाव घेतले जाते, आणि रसाचे नाव घेतल्याने रस उत्पन्न होत नाही, हेही मम्मटानेच 'स्वशब्दवाच्यता' या रसदोषात बजावले आहे.

हा विषय या पानांवर का, असे विचारणाऱ्या प्राध्यापकांनी आपल्याच विभागातील तौलनिक शोधनिबंध काढून पाहावेत. दोन्ही कवितांत नदी आहे, एवढ्यावर 200 पृष्ठे! साम्य दिसले की संबंध सिद्ध झाला, हीच ती समजूत. 'आवड ज्याची त्याची' ही पळवाट आम्हांस ठाऊक आहे. आवडच निर्णायक असेल तर शिफारशी तरी कशाला लिहायच्या?

संबंध विरोधातूनही जुळतो. आयला बेटावरच्या, पीटच्या धुरावर सुकवलेल्या बार्लीच्या व्हिस्कीशेजारी खारट निळे चीज ठेवून पाहावे: धूर मऊ होतो, मीठ उजळते. चॉकलेटच हवे असेल तर बिनस्वादाचे, 70 टक्के कोकोचे घ्यावे आणि शेरीच्या पिंपात मुरलेल्या स्पेसाइडच्या व्हिस्कीसोबत खावे. तेथे कोकोचा कडवटपणा आणि सुक्या द्राक्षांची आठवण देणारा स्वाद समोरासमोर येतात. कोकोचे लोणी साधारण 34 अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून तुकडा शीतकपाटातून काढून लगेच चावू नये, जिभेवर विरघळू द्यावा, आणि मगच घोट घ्यावा.