सुरतेची नक्षी आणि दिल्लीची नोंदवही

सुरतेची आणि मराठी माणसाची पहिली ओळख शाळेच्या इतिहासात होते. १६६४ साली शिवछत्रपतींनी त्या श्रीमंत बंदरावर केलेली स्वारी आमच्या पिढीने गोष्टीसारखी ऐकली आहे. आज ओघ उलटा वाहतो आहे. सावंतवाडी-रत्नागिरीपासून मडगाव-फोंड्यापर्यंत सणासुदीच्या बाजारात ज्या साड्यांच्या राशी लागतात, त्यांतील कितीतरी सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारांतून आलेल्या असतात. त्या साड्यांवरील वेलबुट्टी, मोर, कोयऱ्या कोणी काढल्या हे गिऱ्हाईक विचारीत नाही, आणि दुकानदाराला ते ठाऊकही नसते. ज्याने ती नक्षी संगणकावर रात्री जागून उतरविली, त्याचे त्या नक्षीशी नाते बहुधा एका ठरावीक रकमेवर संपलेले असते. नवे सॅम्पल बाजारात आले की थोड्याच दिवसांत त्याच्या हुबेहूब नकला शेजारच्या गाळ्यात लटकू लागतात, ही तक्रार त्या व्यापारात नवी नाही.

ही तक्रार ऐकायची कोणी? कायद्याचे उत्तर सोपे वाटते. कलाकृतीच्या कर्त्याला कॉपीराइट म्हणजे प्रताधिकार आहे, तो १९५७ च्या कायद्याने दिला आहे आणि त्याची नोंद करून घेणारे कार्यालय दिल्लीत द्वारका येथे आहे. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. अर्ज आता संगणकावरून भरता येतो. साध्या कलाकृतीची फी ५०० रुपये, मालावर वापरायच्या कलाकृतीची २,००० रुपये; आणि दुसऱ्या प्रकारच्या अर्जासोबत ट्रेडमार्क निबंधकाचा दाखलाही जोडावा लागतो. इथपर्यंत ठीक. घोटाळा पुढे आहे.

याच कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे, जी नक्षी डिझाइन कायद्याखाली नोंदविता आली असती पण नोंदविली नाही, ती यंत्राने ५० हून अधिक वेळा वस्तूंवर उतरविली की तिचा प्रताधिकार संपतो. पन्नास! सुरतेच्या छपाईयंत्राला पन्नास साड्यांना कितीसा वेळ लागतो? घर-फर्निचरच्या कापडावरील नक्षीविषयी मायक्रोफायबर्स कंपनीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ साली हेच सूत्र लावले आणि कंपनीचा दावा टिकला नाही. मग डिझाइन कायद्याखाली नोंदवावे म्हटले, तर त्याचे कार्यालय कोलकात्यात, आणि अट अशी की नक्षी आधी कोठेही प्रसिद्ध झालेली नसावी. संरक्षण दहा वर्षांचे, वाढवून आणखी पाच. परंतु ज्या साडीची फॅशन एका हंगामात जुनी होते तिला दहा वर्षांचे कवच घेण्यासाठी सॅम्पल दाखविण्याआधीच धावपळ करावी लागते. ट्रेडमार्कचे एक दार, प्रताधिकाराचे दुसरे, डिझाइनचे तिसरे, आणि कारागीर तिन्हींच्या मध्ये उभा. गुजरातमध्येच उगम पावलेल्या क्रायोगॅस आणि आयनॉक्स यांच्या खटल्यात १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाच्या अर्थाची कसोटी घालून दिली. तो खटला द्रवरूप वायू वाहणाऱ्या गाड्यांच्या आराखड्यांचा होता. न्यायालयाने वाट थोडी उजळली, हे खरे. पण निकालपत्र वाचून अर्ज भरणारा डिझायनर उधन्याला किंवा लिंबायतला सापडणे कठीण.

उधना, लिंबायत, डिंडोली ही नावे आम्ही मुद्दाम घेतली. खानदेशातून पोटामागे गेलेली हजारो मराठी कुटुंबे तेथे वसली आहेत. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालविते ती त्यांच्याच मुलांसाठी. या घरांतली पोरे यंत्रमागावर, भरतकामाच्या यंत्रावर आणि ‘पंचिंग’च्या संगणकावर बसतात. नोकरीत असताना काढलेली नक्षी सामान्यतः मालकाची. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याची नक्षी त्याची स्वतःची, आणि ती दुसऱ्याला द्यायची तर कायद्याला लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. हे त्या मुलाला कोणी सांगितले आहे काय? बहुतेक व्यवहार तोंडी होतात. अर्ज, त्याच्या सूचना आणि त्यावरचा पत्रव्यवहार प्रामुख्याने इंग्रजीत चालतो, आणि म्हणून मधला दलाल पोसला जातो.

सरकारने गेल्या दहा वर्षांत काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. २०१६ साली प्रताधिकाराचा कारभार मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून उद्योगखात्याकडे आला. २०२१ च्या सुधारित नियमांनी राजपत्राऐवजी संकेतस्थळावर प्रसिद्धी देण्याची सोय केली आणि संगणक कार्यक्रमांच्या नोंदणीचे ओझे हलके केले. मसुदा नियमांवर लोकांच्या सूचनाही मागविल्या जातात. २०१४ च्या धोरणानुसार कायद्यांचे आणि नियमांचे मसुदे किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावयाचे आहेत. २०२५ च्या डिसेंबरात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि प्रताधिकार यांवरील कार्यपत्रिका काढून उद्योगखात्याने अभिप्राय मागविले, हेही चांगलेच झाले.

परंतु येथेच आमचा आक्षेप आहे. ते धोरण कायद्यापुरते आणि नियमापुरते बोलते. नागरिकाची गाठ मात्र नियमाशी पडत नाही, ती पडते यंत्रणेशी: अर्जाच्या पडद्याशी, त्यावरील रकान्यांशी, शोधाच्या खिडकीशी. हे रकाने कोणी ठरविले, कोणाला विचारून ठरविले? यंत्रणा बदलताना मसुदा लोकांपुढे ठेवण्याचे बंधन कोणावर नाही. आणि पुष्कळदा न्याय की अन्याय याचा निकाल या रकान्यांतच लागतो.

एकच उदाहरण घेऊ. अर्ज दाखल झाल्यावर ३० दिवस हरकतींसाठी ठेवलेले आहेत. ज्यांचा त्या कलाकृतीवर हक्क असू शकेल त्यांना कळविण्याची जबाबदारी मात्र अर्जदारावरच आहे. दुसऱ्याची नक्षी आपल्या नावावर चढवू पाहणारा इसम मूळ कर्त्याला स्वतः पत्र धाडील, अशी कल्पना करणाऱ्याच्या भाबडेपणाचे कौतुक करावे तेवढे थोडे! मूळ कर्त्याला सुगावा लागायचा तर त्याने चालू अर्ज चाळले पाहिजेत, आणि नक्षी ही चित्रावरून ओळखू येते, ‘पुष्पलता क्रमांक अमुक’ अशा शीर्षकावरून नव्हे. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय आज साध्या मोबाइलवर आहे. मग राष्ट्राच्या नोंदवहीत ती का नसावी? चुकीची नोंद रद्द करवून घ्यायची तर आता उच्च न्यायालय गाठावे लागते. आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात निर्वाळा दिला की प्रताधिकारभंगाचा मुख्य गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. म्हणजे खोट्या नोंदीचा कागद हाती असलेला धनवान व्यापारी गरीब स्पर्धकाच्या गाळ्यावर पोलीस आणू शकतो. खऱ्या कर्त्याला वाचविणारी नोंदवही त्याच्याच डोक्यात हाणण्याचा सोटा होऊ शकते. म्हणून ती सर्वांना दिसणे, आणि समजेल अशी दिसणे, हा निव्वळ सोयीचा प्रश्न उरत नाही.

अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथे सारे आलबेल आहे म्हणून नव्हे. २०१५ च्या ऑगस्टअखेर त्यांच्या प्रताधिकार कार्यालयाची संगणक-नोंदणी सुमारे आठवडाभर बंद पडली होती आणि त्याची पुरेशी शोभा झाली. पण नव्या यंत्रणेची आखणी करताना त्या कार्यालयाने लोकांचे अभिप्राय मागविले, आणि २०२१ साली काँग्रेसच्या ग्रंथालयाने बाहेरच्या वापरकर्त्यांची एक समिती नेमून तिच्या बैठका जाहीरपणे घेतल्या. यंत्रणा घडत असताना ती वापरणारे लोक खोलीत होते. आपल्याकडे लोकांना बोलाविले जाते ते बहुधा उद्घाटनाला.

कोणी म्हणेल, नकलेवरच सुरतेचा निम्मा बाजार चालतो, तो का बिघडवायचा? या प्रश्नात तथ्य आहे आणि ते आम्ही टाळीत नाही. स्वस्त साडीमुळे मजुराच्या घरातली लेकही लग्नात नवे नेसते. शिवाय मोर, कोयरी, कमळ ही कोणाच्या बापाची मिरास नाही. परंपरेतली नक्षी स्वतःच्या नावावर चढविण्याचा प्रयत्न तर त्याहून वाईट. येवल्याच्या विणकरांना भौगोलिक निर्देशनाचा शिक्का मिळूनही पैठणीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या यंत्रावरच्या नकलांशी झुंजावेच लागते. त्या विणकराची बाजू, सुरतेच्या छपाईवाल्याची बाजू आणि पंचिंगवाल्या पोराची बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. त्या जुळत नाहीत म्हणूनच त्या सर्वांना एकदा समोरासमोर ऐकले पाहिजे. दिल्लीतल्या सल्लागार कंपनीच्या अहवालातून हे भांडण कळणार नाही.

नोंदणीची यंत्रणा पुढे जेव्हा सुधारली जाईल, तेव्हा तिचा कच्चा आराखडा निविदा निघण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावा. गुजराती, मराठी, हिंदीत व्हावा. कोलकात्याची आणि दिल्लीची नोंदवही एकाच शोधात पाहता यावी. आणि किती अर्ज किती दिवस पडून आहेत याचा आकडा दरमहा लोकांपुढे यावा. सुनावणी टपालाने किंवा संगणकावरून उरकू नये. पहिली सुरतेला, रिंग रोडवर बाजार बंद असेल त्या दिवशी घ्यावी. दुसरी येवल्यात.