गाळा खाली करायची नोटीस: पोस्टमनला परत पाठवून काहीच वाचत नाही

‘पोस्टमन आला तर सही करू नका. नोटीस मिळालीच नाही, असं सांगायचं.’ तालुक्याच्या बाजारपेठेत भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो. दुसरीकडे मालकालाही वाटतं, की व्हॉट्सॲपवर ‘पंधरा दिवसांत जागा खाली कर’ एवढं टाकलं की काम झालं. दोघांचीही समजूत चुकीची आहे आणि नुकसान दोघांचंही होतं.

रस्ता रुंद झाला, एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यांना भाव आला, की जुना भाडेकरू काढून नवा ठेवायची घाई होते. भाडेकरूची दहा-पंधरा वर्षांची गिऱ्हाइकी त्या जागेवर उभी असते. मालक दरवेळी सावकारच असतो असंही नाही. दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या विधवा बाईचं भाडं सहा महिने थकलं तर तिने जायचं कुठं? अशा वेळी नोटीस कशी दिली, कधी पोचली, यावरच पुढचा दावा टिकतो किंवा पडतो.

पहिला प्रश्न, जागेला कायदा कुठला लागतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे, पण तो राज्यातल्या प्रत्येक गावाला लागू नाही. ज्या भागांची यादी कायद्याला जोडली आहे किंवा सरकारने अधिसूचना काढली आहे, तिथेच तो चालतो. गावाची नगरपंचायत झाली, एवढ्यावरून अंदाज बांधू नये. वकिलाकडून यादी तपासून घ्यावी. यादीत नसलेल्या गावात इंग्रजांच्या काळातला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम लागतो. त्याचं कलम १०६ हेच नोटिशीचं मूळ.

करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर महिन्याच्या भाड्यावरच्या घराला किंवा दुकानाला १५ दिवसांची नोटीस लागते. नोटीस लेखी हवी, त्यावर मालकाची किंवा त्याच्या वतीने देणाऱ्याची सही हवी. ती पोस्टाने पाठवता येते, भाडेकरूच्या हातात देता येते, त्याच्या राहत्या घरी कुटुंबातल्या माणसाकडे किंवा नोकराकडे देता येते. यातलं काहीच जमण्यासारखं नसेल, तर जागेवर ठळक दिसेल अशी चिकटवता येते. या यादीत व्हॉट्सॲप नाही.

पूर्वी ही मुदत भाड्याच्या महिन्याच्या अखेरीलाच संपावी लागायची. एक-दोन दिवसांच्या फरकाने मालकांचे दावे पडायचे. २००२ च्या दुरुस्तीने ती कटकट गेली. आता नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून दिवस मोजतात, आणि नोटिशीत मुदत कमी लिहिली तरी पूर्ण मुदत उलटल्यावर दावा केला असेल, तर तेवढ्या कारणाने नोटीस बाद होत नाही.

कारखानदारीसाठी दिलेल्या जागेला मात्र, वेगळं ठरलेलं नसेल तर, सहा महिन्यांची नोटीस लागते. आणि पिठाची गिरणी म्हणजे कारखानदारीच, असं सुप्रीम कोर्टाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगितलंय. गव्हाचं पीठ झालं, म्हणजे नवी वस्तू तयार झाली. शेजारच्या किराणा दुकानाला १५ दिवस आणि गिरणीला सहा महिने, हा फरक गावात फारसा कुणाला ठाऊक नसतो.

आता त्या सही न करण्याच्या सल्ल्याबद्दल. बरोबर पत्त्यावर पाठवलेलं टपाल ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं, तर कोर्ट साधारणपणे नोटीस पोचली असंच धरतं. म्हणजे दिवस मोजायला सुरुवात होते, आणि आत काय लिहिलंय ते मात्र भाडेकरूला कळत नाही. थकबाकीचा आकडा चुकीचा असला तरी उत्तर देता येत नाही. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केली, तेव्हा ‘आता नोटीस चालेल का’ असा घोळ झाला होता. कलम १०६ मध्ये नुसतं ‘पोस्टाने’ असं आहे. पावती आणि पोचल्याचा पुरावा मालकाने जपून ठेवला म्हणजे झालं.

भाडे नियंत्रण लागू असलेल्या भागात थकबाकीदारालाही सवड मोठी आहे. थकलेलं भाडं मागणारी लेखी नोटीस मिळाल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय त्या कारणाने दावाच लावता येत नाही. दावा लागून समन्स आलं, तरी तिथून ९० दिवसांत सगळी बाकी, १५ टक्के साधं व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, पुढचं भाडंही भरत राहिलं, तर जागा वाचू शकते. ही संधी समन्स परत पाठवणाऱ्याच्याच हातून जाते.

मालकाची नेहमीची चूक म्हणजे नोटीस देऊनही आधीसारखं भाडं घेत राहणं. मग ‘नोटीस सोडून दिली’ असा मुद्दा भाडेकरू उचलतो. पैसे घ्यायचेच तर पावतीवर ‘जागा वापरल्याची भरपाई, हक्क राखून’ असं लिहून घ्यावेत.

नोटिशीची मुदत संपली म्हणून कुलूप तोडायचा हक्क मालकाला मिळत नाही. जागा सोडली नाही तर दिवाणी कोर्टात दावा करावा लागतो. जबरदस्तीने बाहेर काढलेल्या माणसाला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. भाडे नियंत्रण असलेल्या भागात योग्य कारणाशिवाय पाणी किंवा लाईट तोडायलाही मनाई आहे.

मोबाईलवर अधूनमधून ‘नवीन भाडे कायदा लागू, डिपॉझिट फक्त दोन महिन्यांचं’ असे मेसेज फिरतात. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा हा राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो दाखवून कुणाला बाहेर काढता येत नाही.

शेतजमिनीवरच्या कुळाचं प्रकरण यात बसत नाही. त्याला कुळ कायदा आणि तहसीलदार आहेत. खोली-गाळ्याची नोटीस आली असेल, तर लिफाफ्यावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवावी, भाड्याच्या पावत्या किंवा बँकेच्या नोंदी काढाव्यात. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाईन १५१०० आहे.